आगाऊ दिवे

पडद्यावर नायकाची मावशी तोऱ्यात जिना उतरत होती. जिन्यावर साबणाची वडी पडलेली. ती अख्ख्या थेटराला दिसत होती, एकट्या मावशीला सोडून. मावशीचा पाय वडीवर पडला आणि मावशी सुटली ती थेट खालच्या टबात. थेटरात हशाचा नुसता स्फोट झाला. आणि भप्पकन सगळे दिवे लागले. सिनेमा बंद, आवाज बंद, आणि पडदा दोन्हीकडून लगबगीनं मिटायला लागला, नको तो पाहुणा दिसल्यावर आपण दार लोटतो तसा.

अख्खं थेटर डोळे चोळत मागे वळलं. मागच्या भिंतीत, उंचावर, मशीनच्या केबिनची छोटी खिडकी. खिडकीत ऑपरेटर टिचकी. हातात चहाचा कप, तोंड उघडं.

"टिचक्याऽऽ!" खालून दाजींची हाक आली. थेटर दाजींचं, त्यामुळे हाकही मालकाची.

"दाजी, मी नाही!"

आता हे वाक्य टिचकीनं आयुष्यात इतक्यांदा वापरलं होतं, की ते पार गुळगुळीत झालं होतं. बाजारात चालत नव्हतं.

टिचकी हा दाजींच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ. लहानपणी मागून जाऊन लोकांच्या कानावर टिचकी मारायची आणि भलतीकडे बघत शीळ घालायची, एवढ्या कर्तबगारीवर त्याला हे नाव पडलं. पुढे केस निम्मे पिकले, चष्मा लागला, पण टिचकी काही सुटली नाही. फरक एवढाच की लहानपणी बोटानं मारायचा, आता वायरीनं मारायला लागला. एकदा त्यानं दाजींच्या ऑफिसातल्या पंख्याचं बटण गुपचूप तिकीट खिडकीतल्या घंटीला जोडून दिलं. दाजींनी पंखा लावला की खिडकीत घंटी वाजायची, ताई तिकिटं सोडून धावत आत यायची, "काय हो, काय हवंय?" दाजी म्हणायचे, "कोणी बोलावलंय तुला?" संसार मोडायची पाळी आली, तेव्हा कुठे ती वायर सापडली. दुसऱ्या खेपेला त्यानं दाजींचं दुपारचं घोरणं टेप केलं आणि मध्यंतरात लॉबीतल्या स्पीकरवर लावलं. लोकांनी जनरेटर बिघडल्याची तक्रार केली.

तर अशा माणसाच्या खिडकीखाली, भर सिनेमात, दिवे आपोआप लागले. कोण विश्वास ठेवणार?

त्यात पेटीनं साक्ष दिलेली.

पेटी म्हणजे केबिनमधली काळी पेटी. पूर्वी सिनेमा सुरू करायला माणसं लागायची. एक दिवे मंद करायचा, एक पडदा ओढायचा, एक मशीन चालू करायचा आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. आता हे सगळं ती पेटी एकटी करते आणि चहासुद्धा मागत नाही. तिच्यात बारीक बारीक वायरी येतात. त्यातली एक खाली हॉलमध्ये जाते, मागच्या दाराशी असलेल्या लाल बटणाकडे. कोणाला भोवळ आली, कुठे धूर निघाला, तर ते बटण दाबायचं. लगेच पेटी सिनेमा थांबवते, दिवे लावते, पडदा मिटते. आणि पेटीवर प्रत्येक वायरीच्या नावाचा एक इवलासा लाल दिवा आहे. ज्या वायरीनं हुकूम सोडला तिचा दिवा पेटतो. थोडक्यात, पेटी चुगलखोर आहे.

दिवे आगाऊपणा करायला लागल्यापासून पेटी दर वेळी एकच चुगली करत होती: हॉलचं बटण. कोणीतरी बटण दाबलंय.

आधी दाजींनी उनाड पोरांवर संशय घेतला आणि बटणावर लोखंडी झाकण ठोकलं. दिवे लागले. मग बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवणाऱ्या काकांना तिथे स्टूल टाकून बसवलं. दिवे लागले.

"मी झाकणाला पाठ लावून बसलो होतो," काका म्हणाले. "कोणी हात घातला असता तर आधी माझ्या बरगड्या मोजाव्या लागल्या असत्या."

मग उरलं कोण? वर केबिनमध्ये बसलेला. वायरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात, तो.

"हे बघ," दाजी त्या संध्याकाळी म्हणाले. ते कधी ओरडायचे नाहीत, आवाज खाली नेत नेत माणसाला जमिनीत घालायचे. "कंपनीकडून मशीन तपासायला माणूस येतोय शनिवारी. त्याला बिघाड सापडला तर ठीक. नाही सापडला, तर केबिनची किल्ली माझ्या हातात आणि तू बाहेर, गाड्यांच्या स्टँडवर. तिथे घाल शिट्ट्या."

"दाजी, खरंच मी नाही."

"मागच्या वेळीपण तू नव्हतास. घोरणंसुद्धा माझंच होतं म्हणालास."

"ते तुमचंच होतं की!"

दाजी हसले नाहीत. दाजी हसायचेच नाहीत. विनोदी सिनेमे लावायचे, आणि हॉल हसतोय की नाही हे बघायला दारात उभे राहायचे, दुधावर नजर ठेवल्यासारखे. स्वतः कोरडे ठणठणीत.

टिचकीनं वर केबिनकडे बघितलं. केबिन म्हणजे त्याचं जग. तिथल्या खिडकीतून त्यानं वर्षानुवर्षं लोकांची डोकी बघितली होती, कोण कुठे हसतो, कोण कुठे हळूच डोळे पुसतो. सिनेमा तर लोक बघायचे. टिचकी लोक बघायचा. त्याला ते सोडून पत्र्याखाली गाड्या मोजत बसायचं?

पण खरा घाव ताईनं घातला. जिन्यात गाठून तिनं हळूच विचारलं, "मला सांग खरं. मी ह्यांना नाही सांगणार."

"ताई, तूपण?"

"अरे, मला फक्त कसं केलंस ते कळू दे."

म्हणजे बघा, पहिल्यांदाच माणूस धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, आणि सख्ख्या बहिणीला कृती हवी!

किल्ली जायची धास्ती तर होतीच. पण टिचकीला खरी खाज वेगळीच सुटली होती. आपण नाही, तर मग कोण? ह्या थेटरात आपल्यापेक्षा वस्ताद निघालं तरी कोण?

तो कामाला लागला. पेटीतली एकेक वायर ओढून बघितली, एकेक स्क्रू आवळला. पेचकसाच्या मुठीनं पेटीला सगळीकडून टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं. पेटी ढिम्म. गरम झाल्यावर बिघडत असेल म्हणून ताईचं केस वाळवायचं मशीन आणून पेटीवर धरलं.

"माझं ड्रायर कुठाय?" ताई खालून.

"पेटीचे केस ओले आहेत!"

उपयोग शून्य. रिकाम्या हॉलमध्ये तोच मावशीचा सिनेमा अख्खा चालवला. मावशी घसरली, टबात पडली, पुढे तिचं लग्नही झालं. दिवा काही लागला नाही.

शनिवारी कंपनीचा माणूस आला तो माणूस नव्हताच, एक मॅडम आल्या. पाठीवर दप्तर, हातात मीटर, तोंडात चिंगम. दाजींनी त्यांना लॉबीत बाजूला घेऊन जरा जास्तच वेळ काहीतरी सांगितलं. त्यानंतर मॅडम केबिनमध्ये काम करत होत्या, पण त्यांची नजर होती टिचकीच्या हातांवर. टिचकीनं मुद्दाम दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग त्या पाठीमागे बघायला लागल्या.

त्यांनी बटणाची वायर दोन्हीकडून सोडवली आणि मीटर लावून तपासली. वायर ठणठणीत. पेटी तपासली. पेटी ठणठणीत.

"बघा," टिचकी कळवळून म्हणाला. "दाताच्या डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवला की दात दुखायचा थांबतो, तसं चाललंय. लहरी फॉल्ट आहे हो, मॅडम."

"फॉल्ट लहरी नसतो," मॅडम म्हणाल्या. "त्याची एक अट असते. ती पुरी झाली की तो येतो. आपल्याला अट माहीत नसते म्हणून आपण त्याला लहरी म्हणतो. कधी कधी येतो ते सांगा."

असं सरळ माणसासारखं कोणी विचारलंच नव्हतं. टिचकी खाली बसला, डोळे मिटले आणि आठवायला लागला.

"भुताचा सिनेमा लागला होता, तेव्हा नाही आला. लोक किंचाळत होते, तरी नाही. लढाईच्या सिनेमात नाही, आणि तोफा अशा धडाडायच्या की माझा कप बशीत नाचायचा."

"म्हणजे आवाजानं नाही."

"तो आई आणि मुलाच्या ताटातुटीचा होता, त्यात सगळा हॉल रडत होता. तेव्हा नाही. मावशीच्या सिनेमात येतो. त्याच्या आधीचा तो दोन जुळ्या हवालदारांचा, त्यातही आला. पण सकाळी गर्दी नसताना नाही." टिचकीनं डोळे उघडले. "आणि येतो तेव्हा नेमका विनोदावर येतो. मावशी घसरली की. हवालदाराची पँट फाटली की. मॅडम, ह्या फॉल्टला विनोद कळतो!"

मॅडमचं चिंगम थांबलं. त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "किंवा ज्याला विनोद कळतो असा कोणीतरी तो करतोय."

"झालं. फिरून गाडी माझ्यावरच."

"मग साधा उपाय. दुपारचा शो भरलेला आहे. मी एकटी केबिनमध्ये बसते. तुम्ही खाली, मालकांच्या शेजारी. तुम्ही इथे नसताना दिवे लागले तर तुम्ही सुटलात."

टिचकी खुशीनं तयार झाला. आपण नाही हे त्याला माहीत होतं ना.

सगळ्यात मागची रांग ही दाजींची शान. बाकी खुर्च्या साध्या, ही रांग मात्र नव्या आरामखुर्च्यांची. बाजूची कळ ओढली की पायाखाली फळी वर येते आणि पाठ मागे जाते. ह्या खुर्च्यांवर लोकांच्या उड्या पडायच्या. आज दाजींनी ती अख्खी रांग रिकामी ठेवली. "चाचणी आहे, मागे गर्दी नको." मधल्या खुर्चीत दाजी बसले, पाठ न टेकता, ताठ, खांबासारखे. आरामखुर्चीत बसूनही पाठ टेकायची नाही हा त्यांचा बाणा. एका हाताला टिचकी, आणि त्याचं मनगट दाजींनी पाकीटमार धरावा तसं धरलेलं. पलीकडे ताई, हातात मक्याच्या लाह्यांचा पुडा. दाराशी काका, पाठ बटणाला.

सिनेमा सुरू झाला. मावशी जिना उतरली, वडीवर पाय पडला, टबात आदळली. हॉल गडगडून हसला. टिचकीनं श्वास रोखला.

अंधार. सिनेमा आपला मजेत चाललेला.

पुढे मावशीच्या केसांत मांजर अडकलं. हॉल लोळायच्या बेतात. दिवे नाहीत. नवरदेव चुकून भलत्याच बोहल्यावर चढला. दिवे नाहीत. टिचकीला घाम फुटला. मी केबिनमधून हललो आणि फॉल्ट गायब. ह्याहून पक्का पुरावा चोरानं स्वतःसुद्धा दिला नसता.

मध्यंतरात मॅडम खाली आल्या. "पेटी गुणी बाळासारखी चालली," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं ते तोंडावर दिसत होतं.

दाजींनी किल्लीसाठी तळहात पुढे केला.

"एक मिनिट," टिचकी म्हणाला. "दाजी, आज दोन गोष्टी बदलल्यात. मी वर नाही, ही एक. पण ही रांगही रिकामी आहे. रोज ती पहिली भरते."

"मग?"

"मग काय ते मलाही माहीत नाही! पण बसवा ना लोकांना इथे."

"म्हणजे तुझ्या टोळीतला कोणीतरी येऊन बसेल आणि हळूच काडी करेल. मी काय दूधखुळा आहे?"

"त्यांचं बरोबर आहे हो," मॅडम दाजींना म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी दोन बदलू दिल्या, माझं चुकलं. ही चाचणी धरता येणार नाही."

"तुम्ही चांगल्या आहात, म्हणून असं म्हणताय," दाजी म्हणाले. "मी ह्याला ओळखतो. तरी मी अन्याय करणार नाही. सिनेमा संपेपर्यंत थांबतो. पण रांग उघडणार नाही."

मॅडम वर केबिनमध्ये गेल्या आणि दिवे मंद झाले. उरलेला सिनेमा टिचकीनं पडद्याकडे ढुंकूनही न बघता काढला. मागच्या रांगेतले लोक असं काय करतात जे बाकीचे करत नाहीत? त्यानं पाय आपटून बघितले.

"गप बस."

त्यानं खुर्ची गदागदा हलवली. पण अंगानं काडी, खुर्चीला पत्ताही लागला नाही. कळ ओढून फळी वर घेतली, खाली केली, अर्ध्यावर आणली.

"टिचक्या, खेळण्यातली मोटार आहे का ती?"

सिनेमा संपत आला. मावशी आता नवऱ्या मुलाच्या वडिलांना लाटणं घेऊन शोधत होती. टिचकीनं विचार केला, जायचंच आहे तर ऐटीत जावं. तो उठून उभा राहिला. गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढली. दोन्ही हातांनी, मानाची वस्तू द्यावी तशी, दाजींच्या तळहातावर ठेवली.

"घ्या दाजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माणूस खोटा असेल, पण किल्ली खरी आहे. सांभाळा."

वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं. त्या भरात, मान वर, छाती पुढे, मागे न बघता तो राजासारखा खाली बसला.

पण फळी अर्ध्यावर उघडी राहिली होती. राजे बसले ते फळीच्या टोकावर. फळी खाड्कन मिटली, खुर्चीची पाठ धाड्कन आडवी झाली आणि खुर्चीनं टिचकीला घडी घालून गिळला. डोकं खाली, पाय छताकडे. ताईचा लाह्यांचा पुडा उडाला तो बरोबर त्याच्या तोंडावर उपडा झाला.

मग दाजींच्या नाकातून एक "हुं" निघालं.

ताईनं चमकून बघितलं.

मग दाजींचे खांदे हलले. ते तोंड दाबायला गेले, पण हातातली किल्लीच तोंडात गेली. वर्षानुवर्षं ह्या माणसानं त्यांना गिऱ्हाईक केलं होतं, आणि आज तो, स्वतःच्या फजितीत, स्वतःच्याच पायांनी! गंजलेलं शटर वर जावं तसा आवाज करत दाजींचं हसू सुटलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या खुर्चीत पाठ टाकली. अख्ख्या अंगानिशी. धप्प.

भप्पकन दिवे लागले.

सिनेमा थांबला, पडदा मिटायला लागला, अख्खं थेटर मागे वळलं. बघतात तर काय, मालक पोट धरून हसतायत आणि शेजारच्या खुर्चीतून दोन पाय उभे. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग असावा. काहींनी टाळ्या वाजवल्या.

"लागला!" वरच्या खिडकीतून मॅडम ओरडल्या. "बटणाचा दिवा लागला! कोणी दाबलं?"

"मी टेकलोय बटणाला!" काका. "इथे कोणी नाही!"

"माझे हात बघा!" खुर्चीच्या पोटातून टिचकी. "दोन्ही हात वर आहेत! म्हणजे खाली आहेत! जिथे असतील तिथे बघा आधी!"

दाजी हसू आवरायला पुढे वाकले, डोळे पुसले, पायांकडे नजर गेली आणि पुन्हा मागे आदळले.

"गेला!" मॅडम वरून. "परत लागला! गेला! लागला!"

खुर्चीच्या आत, लाह्यांखाली, टिचकीच्या डोक्यात काहीतरी चरचरलं.

"दाजी, थांबू नका!" तो किंचाळला. "हसत राहा! मागे रेला!"

"लागला!"

"आता पुढे वाका!"

"गेला!"

"रेला!"

"लागला!"

"अगं बाई," ताई म्हणाली. "हे दाबतायत बटण!"

काकांनी टिचकीला पायांना धरून उपसला. केसांत लाह्या, चष्मा एका कानावर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

"मी इतकी वर्षं वरून बघतोय," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं की हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. "रडणारा माणूस पुढे वाकतो. घाबरलेला आक्रसून बसतो. हसणारा तेवढा मागे रेलतो. फॉल्टला विनोद कळत नाही हो, मॅडम. त्याला पाठी कळतात!"

उरलेला सिनेमा दाजींनी भिंतीला लागून उभ्यानं बघितला, खुर्चीला धक्का नको म्हणून. आणि अधूनमधून, कोणाचं लक्ष नाही असं बघून, नाकातल्या नाकात "हुं" करत होते.

लोक गेल्यावर सगळे त्या मधल्या खुर्चीमागे जमले. नव्या खुर्च्या जड, आणि मागची पायरी अरुंद. त्या डुगडुगायच्या. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या सांगाड्याला लोखंडी पट्टी लावून ती मागच्या भिंतीला स्क्रूनं आवळली होती. भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून जाड गादी, वर कापड. मॅडमनी कापड उसवून गादी बाजूला केली. गादीखाली केबिनमधून उतरलेली बटणाची वायर दाराकडे चालली होती. आणि मधल्या खुर्चीचा स्क्रू, चांगला करंगळीएवढा, त्या वायरीच्या पोटात घुसला होता. आतल्या दोन तारांपैकी एकीला चिकटून आणि दुसरीपासून केसभर लांब. खुर्ची जोरात मागे गेली की पट्टी हलायची, पट्टीबरोबर स्क्रू, आणि स्क्रू दुसऱ्या तारेला शिवायचा. दोन तारा एकत्र आल्या की पेटीला काय, बटण दाबल्यासारखंच. तिनं बिचारीनं खरी तीच चुगली केली होती.

"मी मीटर लावलं तेव्हा खुर्चीत कोणी नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून वायर ठणठणीत. कमाल आहे!" आणि त्यांनी त्या स्क्रूचा फोटो काढला, दोन बाजूंनी.

"पण एवढे लांब स्क्रू मारले कोणी?" ताईनं विचारलं.

काका छताकडे बघायला लागले.

"सोबत आलेले स्क्रू आखूड होते," शेवटी दाजी म्हणाले. "गादीतच संपत होते. लांब स्क्रू घट्ट बसतो."

"स्वतः मारले?"

"सुताराला कशाला बोलवायचं, म्हटलं."

"काय पण दिवे लावलेत!" ताई म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं काय बोललो ते. ती भिंतीला धरून हसायला लागली. मॅडम हसल्या. काका हसले. टिचकी मात्र हसला नाही. तो दाजींकडे बघत होता.

दाजींनी मुठीतली किल्ली बघितली. माफीबिफी मागणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं. त्यांनी ती टिचकीच्या गळ्यातल्या दोऱ्यात स्वतःच्या हातानं अडकवली, गाठ दोनदा मारली आणि म्हणाले, "केसांतल्या लाह्या काढ. ऑपरेटर आहेस, पक्ष्यांचं खाद्य नाहीस."

जिन्यात ताईनं त्याचा दंड धरला. "मला खरंच वाटलं होतं तूच आहेस रे."

"वाटणारच की," टिचकी म्हणाला. "परवा तर मलापण वाटायला लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं बटणाची नवी वायर टाकली, लांबून, खुर्च्यांपासून चार हात दूर. स्क्रू सगळे आखूड लावले, लाकडाच्या खुंट्या ठोकून पक्के केले. मधल्या खुर्चीचा तेवढा तसाच ठेवला. त्या स्क्रूची जुनी वायरही काढली नाही. तिचं वरचं टोक पेटीतून सोडवलं आणि केबिनच्या खिडकीशी एका बारक्या हिरव्या दिव्याला जोडलं, बॅटरीवर. सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही. मधल्या खुर्चीत कोणी मनापासून मागे रेललं की दिवा लुकलुकतो, बस.

कारण टिचकीनं एक गोष्ट हेरली होती. दाजी आता दुपारच्या खेळाला दारात उभे राहत नव्हते. अंधार झाला की हळूच येऊन मधल्या खुर्चीत बसायचे.

मावशीचा सिनेमा उतरला, दिव्यानं पुष्कळ लुकलुकून घेतल्यावर. मग रडका सिनेमा लागला. नायिकेला खोकला झाला होता आणि सगळ्या हॉलमध्ये रुमाल निघाले होते. टिचकी चहा पीत होता, तर भर खोकल्यात हिरवा दिवा लुकलुकला. एकदा. मग सारखा. त्यानं खिडकीला नाक लावलं. मधल्या खुर्चीत दाजी, शेजारी ताई, त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, आणि दाजी रुमाल तोंडात कोंबून मागे रेलत होते. काय सांगत होती देव जाणे. टिचकीनं कान खिडकीला लावला, मग डोळा, मग पुन्हा कान. काही कळेना. जीव नुसता खाली-वर.

खेळ संपल्यावर दाजी केबिनमध्ये आले, डोळे पुसत. "फार रडवतो हा सिनेमा," म्हणाले. जाता जाता त्यांची नजर खिडकीशी गेली.

"हा हिरवा दिवा कसला रे?"

"तो?" टिचकी म्हणाला. "व्होल्टेजचा. मॅडमनी लावायला सांगितलाय."

दाजींनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"बरं झालं लावलास," ते म्हणाले, आणि विश्वास ठेवून खाली गेले.